‘हवे’ म्हणण्याची जपानी रीत

जपानी भाषेच्या प्रारंभिक अभ्यासक्रमात इच्छा व्यक्त करण्याचा पाठ लवकरच येतो. ‘मिन्ना नो निहोंगो’ या सुपरिचित पाठ्यपुस्तकात तो तेरावा आहे. मराठी विद्यार्थ्यास तो निम्मा घरचाच वाटतो. खरी परीक्षा उरलेल्या निम्म्यात असते, असा आमचा अनुभव आहे.

प्रथम वस्तूची इच्छा पाहू. ‘पाणी हवे आहे’ यास जपानीत ‘मिझु गा होशिइ देस’ म्हणतात. ‘होशिइ’ हे क्रियापद नसून विशेषण आहे. म्हणून ‘मिझु’ म्हणजे पाणी, यास जोडून कर्माचा ‘ओ’ न येता कर्त्याचा ‘गा’ येतो. मराठीतही ‘हवे’ हे रूप वस्तूशीच जुळते: पाणी हवे, वही हवी.

क्रियेची इच्छा असेल तर क्रियापदाचा ‘मास’ गाळून ‘ताइ’ जोडावे. ‘इकिमास’ (जाणे) याचे ‘इकिताइ’ होते, ‘ताबेमास’ (खाणे) याचे ‘ताबेताइ’. ‘निहोन नि इकिताइ देस’ म्हणजे ‘मला जपानला जायचे आहे’. नकार करताना अखेरचा ‘इ’ जाऊन ‘कुनाइ’ येतो: इकिताकुनाइ, होशिकुनाइ.

वरील वाक्यांत ‘मला’ हा शब्द कोठेही नाही. विधानातील इच्छा बोलणाऱ्याचीच, हे तेथे गृहीत असते. म्हणूनच ‘धाकट्या बहिणीला जपानला जायचे आहे’ हे सांगताना विद्यार्थी ‘इमोतो वा निहोन नि इकिताइ देस’ असे लिहितात, ते जपानी कानाला खटकते. दुसऱ्याचे मन आपण परस्पर कसे सांगावे? तेथे ‘इकितागात्ते इमास’, म्हणजे तशी इच्छा तिच्या वागण्यातून दिसते, असे म्हणावे. अथवा ‘इकिताइ तो इत्ते इमास’, म्हणजे जायचे आहे असे ती सांगते. वडीलधाऱ्यांविषयी पहिले रूप टाळावे. ते उद्धट ठरते. पाहुण्यासही ‘चहा हवा का?’ असे थेट न विचारता ‘ओचा वा इकागा देस का’, चहा घेणे कसे वाटेल, असे विचारतात.

‘मुलाला अमुक व्हायचे आहे’ हे वाक्य आपण पालक आणि शिक्षक किती सहज उच्चारतो! निवासी शाळेत मुलांच्या वतीने अनेक निर्णय घ्यावे लागतात. तेव्हा ही चूक आमच्याही हातून घडली आहे. त्या मुलाकडे नीट पाहिले होते काय? त्याला विचारले होते काय? आता हा पाठ संपवताना आम्ही फळ्यावर केवळ ‘ताइ देस’ एवढेच लिहितो. त्याआधीची जागा ज्याची त्याने भरावयाची असते.