ल्हासाचा पाहुणा

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावरील शेजारगावे. त्यांतील उल्हासनगर तर दुरून आलेल्यांचेच नगर. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या कल्याण छावणीला १९४९ साली हे नाव मिळाले. अलीकडे या गावांतील इमारतींच्या जिन्यांवरून दूरदेशीचा आणखी एक रहिवासी सायंकाळी फिरावयास उतरताना दिसतो. उंची वितीहून थोडी अधिक, वजन सहा-सात किलो, अंगावर जमिनीला टेकणारे सरळ केस, डोळ्यांवर झुलपे आणि हनुवटीखाली दाढी. हा ल्हासा अप्सो जातीचा कुत्रा होय.

त्याची जन्मभूमी तिबेट. ल्हासा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६५० मीटर उंचीवर वसलेले आहे. तेथील मठांत व श्रीमंतांच्या वाड्यांत हे कुत्रे राखणीसाठी पाळीत. दाराबाहेर धिप्पाड मॅस्टिफ बांधलेला असे आणि आत अप्सो वावरत असे. पावलाची चाहूल लागताच तो भुंकून घर जागे करी. हा कुत्रा सहसा विकला जात नसे, तो मानाची भेट म्हणून दिला जाई. तेराव्या दलाई लामांनी १९३३ च्या सुमारास कटिंग नावाच्या अमेरिकन प्रवाशाला दिलेल्या जोडीपासून अमेरिकेत ही जात रुजली.

अप्सोचे केस दुपदरी असतात. वरचा पदर लांब व जड, आतला मऊ व दाट. आतला पदर उबदार हवा धरून ठेवतो. तिबेटच्या हाडे गोठविणाऱ्या वाऱ्यात हे कवच उपयोगी होते. उल्हास नदीच्या खोऱ्यात मात्र त्याचा भार होतो. समुद्राचा वारा मुंबईला जितका निववितो तितका तो बदलापूरपर्यंत पोचत नाही, आणि एप्रिल-मे महिन्यांत तेथील पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो. माणसाप्रमाणे कुत्र्याला सर्वांगाला घाम येत नाही. जीभ बाहेर काढून तो धापा टाकतो आणि तोंडातील ओलावा वाफ होऊन उडाला की त्याचे शरीर निवते. हवाच दमट असेल तर हा उपायही दुबळा ठरतो. त्याच्याच तोंडवळ्याच्या, पण अधिक चपट्या नाकाच्या शिह त्झूचे हाल तर आणखी होतात. म्हणून उन्हाळ्यात फिरणे सूर्योदयापूर्वी किंवा दिवेलागणीनंतरच करावे, आणि रस्त्यावर आपला तळहात टेकवून पाहावा. हाताला जे सोसत नाही, ते त्याच्या पंजालाही सोसत नाही. कुत्र्याच्या शरीराचे तापमान एरवी ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. ते ४१ वर गेले, तो लडखडू लागला व लाळ गाळू लागला, तर त्याला सावलीत नेऊन अंगावर थंड पाणी ओतावे, वारा घालावा आणि विलंब न करता पशुवैद्याकडे न्यावे.

केस तासून टाकणे हा उपाय पुष्कळांना सुचतो, पण तो योग्य नव्हे. उघड्या कातडीला ऊन भाजते. दोन-अडीच सेंटिमीटर केस राखून बाकीचे कातरले म्हणजे पुरे.

खरे काम विंचरण्याचे. वरवर फणी फिरविली तर केस चमकतात खरे, पण गुंता आतल्या पदरात, कातडीलगत बसतो. केसांचे थर हाताने उचलून मुळापासून विंचरावे लागते. कानांमागे, काखेत, पट्ट्याखाली आणि मांड्यांमध्ये जट प्रथम धरते. ती बोटांनी टोकाकडून मुळाकडे हळूहळू सोडवावी. स्नानापूर्वी विंचरणे आवश्यक आहे, कारण भिजलेला गुंता वाळताना अधिकच आवळतो. महिनोन्‌महिने दुर्लक्ष झालेला कुत्रा जेव्हा वैद्याकडे येतो, तेव्हा फणी चालतच नाही. सारे केस घोंगडीसारखे सलग कातरून काढावे लागतात आणि खाली लाल, चिघळलेली त्वचा दिसते. शोभेसाठी आणलेल्या प्राण्याची ही अवस्था पाहवत नाही.

पावसाळा त्याहून कठीण. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली होती. तेथे दिवसेंदिवस ऊन पडत नाही, तर कुत्र्याचे अंग कसे वाळावे? बाहेरून येताच पंचाने दाबून पाणी टिपावे आणि मुळापर्यंत वारा लागेल असे पंख्याखाली बसवावे. साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. वालधुनीच्या प्रदूषित पाण्याजवळ तर त्याला जाऊच देऊ नये. याच दिवसांत गोचिडी वाढतात. बोटांच्या फटींत व कानांत त्या दडतात, आणि त्यांच्या चाव्यातून येणारा ताप रक्त आटवितो. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. नखाने चिरडू नये. कुत्रा अन्न सोडील, हिरड्या फिकट दिसतील, तर घरगुती उपाय करीत बसू नये.

खाण्यात प्रेमाचाच धोका अधिक. घर मराठी असो वा सिंधी, कांदा-लसणावाचून रस्सा होत नाही, आणि हे दोन्ही कुत्र्याला विषारी. द्राक्षे, मनुका व चॉकलेटही तसेच. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात व पुढे दरवर्षी टोचून घ्यावी; हा रोग एकदा प्रकट झाला की त्यावर इलाज नाही.

आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकण्यास २०१७ च्या नियमांनी बंदी आहे. आईवेगळे केलेले एवढेसे पिल्लू पिशवीत घालून दाखविणाऱ्याकडून ते घेऊ नये. अप्सो बारा-चौदा वर्षे जगतो. सातवीतील मुलाने हट्टाने आणलेले पिल्लू, तो मुलगा नोकरीसाठी सकाळची गाडी धरू लागेल तेव्हाही दाराशी असेल. त्याची दृष्टी मंदावलेली असेल, दात पडलेले असतील, आणि केस मात्र तसेच वाढत असतील.