पाय नेमका कोठे कापावा?

मधुमेहाने वा विडी-तंबाखूच्या व्यसनाने पायाच्या धमन्या अरुंद होऊन गँग्रीन झालेला रुग्ण दाखल होतो, तेव्हा नातेवाइकांकडून दोन परस्परविरोधी विनंत्या आमच्यापुढे येतात. कोणी म्हणतात, "काळे पडलेले बोट तेवढेच काढा." तर कोणी, "पुनःपुन्हा शस्त्रक्रिया नको, एकदाच वरून कापा." दोहोंमागील व्याकूळता आम्हांस कळते, परंतु निर्णय मुख्यतः रक्तपुरवठ्यावर अवलंबून असतो.

बोट काळे पडले, तरी रोगाचे मूळ बहुधा वरच्या धमन्यांत असते. म्हणून बायपास वा अँजिओप्लास्टीने रक्तप्रवाह सुधारेल काय, हे प्रथम पाहावे लागते. तो न सुधारता नुसते बोट काढल्यास जखम सहसा भरत नाही.

पाय कापणे अटळ ठरले, तर खरा प्रश्न गुडघ्याचा. कृत्रिम पायाने तेवढेच अंतर चालण्यास गुडघ्याखाली पाय कापलेल्या रुग्णास साधारणतः ४० टक्के अधिक शक्ती लागते. मांडीतून कापलेल्यास ती जवळजवळ दुप्पट लागते. या रुग्णांचे हृदयही बहुधा थकलेले असते. जयपूर फूट लावून देवळापर्यंत जाणे किंवा खाटेवर बसून राहणे, इतका हा फरक आहे.

म्हणून गुडघ्याखाली जखम भरेल काय, हे आम्ही कसोशीने तपासतो. गुडघ्यामागील नाडी लागली, तर आशा चांगली. न लागल्यासही ती सोडण्याचे कारण नाही. त्वचेतील प्राणवायूचा दाब ४० मि.मी.हून अधिक असणे अनुकूल, २०हून कमी असणे प्रतिकूल. घोट्याचा रक्तदाब मात्र मधुमेहींत फसवा ठरतो, कारण चुना साचून कडक झालेल्या धमन्या दबतच नाहीत. यंत्रे काहीही सांगोत, कापलेल्या कडेतून ताजे रक्त येते काय, हे शस्त्रक्रियेच्या वेळी पाहावेच लागते. पोटरीच्या मागील भागास रक्त अधिक मिळते. म्हणून तेथील मांसल भाग पुढे आणून शिवतात. अमेरिकेतील डॉ. अर्नेस्ट बर्जेस यांनी ही पद्धत रूढ केली.

इतके करूनही काहींची जखम भरत नाही व पुन्हा वर कापावे लागते. हा धोका आम्ही आधीच सांगतो. उलट, दीर्घकाळ अंथरुणास खिळलेल्या व गुडघा कायमचा आखडलेल्या रुग्णाच्या बाबतीत गुडघा राखण्याचा हट्ट आम्हांस योग्य वाटत नाही. वाकलेल्या पायाचे टोक गादीवर घासून चिघळते.

शस्त्रक्रियेनंतर नातेवाईक मायेने गुडघ्याखाली उशी ठेवतात. ती ठेवू नये. रुग्णास तात्पुरते बरे वाटते, पण गुडघा वाकलेलाच राहून आखडतो आणि पुढे कृत्रिम पाय बसविणे कठीण होते.