गुलामगिरीची ओळख : अनुच्छेद २३ चा पाठ

लोअर परळच्या गिरण्यांत कोकणातून व देशावरून जे कामगार आले, त्यांत महार समाजाची माणसे पुष्कळ होती. गावी वतनाच्या नावाखाली त्यांना गावाची आणि सरकारची कामे रात्रंदिवस करावी लागत. वतनदार हजर नसेल, तर घरातील दुसऱ्यास राबावे लागे. गिरणीतही अस्पृश्यता होतीच. धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागतो, या सबबीवर त्यांना विणकर खाते बंद होते. तरीही गिरणीची नोकरी सोडून दुसरीकडे जाता येत होते. वतन सोडून जाता येत नव्हते. गुलामगिरी ओळखण्याची कसोटी आम्हांस याच भेदात दिसते.

परळच्या बी. आय. टी. चाळीत राहणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. ही वतने अखेर १९५८ च्या कायद्याने संपली. तत्पूर्वी, २६ जानेवारी १९५० पासून, संविधानाच्या अनुच्छेद २३ ने माणसांचा अपव्यापार आणि वेठबिगार या दोहोंस एकत्रच मनाई केली. ही मनाई सरकारप्रमाणे खासगी मालकावरही बंधनकारक आहे. किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबविणे हेही सक्तीचे श्रम होत, कारण भूक हीसुद्धा सक्तीच आहे, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली लावला.

आजच्या कायद्यानुसार अपव्यापाराची तीन अंगे आहेत. पहिले, माणसाला कामास लावणे, नेणे, ठेवणे किंवा दुसऱ्याच्या स्वाधीन करणे. दुसरे, त्यासाठी धाक, फसवणूक, आमिष वा सत्तेचा गैरवापर. तिसरे, शोषणाचा हेतू. सीमा ओलांडली पाहिजे असे नाही. पीडिताने संमती दिली होती, ही सबबही चालत नाही.

अशा वेळी साखळदंड दिसत नाही. तेथे ‘उचल’ दिसते. वीटभट्टीवर किंवा उसाच्या फडात मुकादमाची उचल फिटेपर्यंत कुटुंबास हलू दिले जात नसेल, तर ती वेठबिगारी होय. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असे कर्ज रद्द ठरते आणि मजुराच्या सुटकेची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर येते. तरी २०२२ साली इगतपुरी तालुक्यातील कातकरी मुले थोडे पैसे व एखादी मेंढी देऊन मेंढपाळांकडे राबण्यास नेल्याचे, एका मुलीच्या मृत्यूनंतर उघड झाले.

अंगुत्तर निकायात उपासकाने वर्ज्य करावयाचे पाच व्यापार सांगितले आहेत. त्यांत ‘सत्तवणिज्जा’ आहे. अट्ठकथेने तिचा अर्थ माणसांची विक्री असा दिला आहे. जो विकतो त्याच्याइतकाच स्वस्त श्रम जाणूनबुजून विकत घेणाराही या व्यापारात सामील असतो, असे आम्ही मानतो.

विद्यार्थी मित्रहो, सुट्टीत तुम्ही गावी, वस्तीवर जाल. शहरात चांगले काम देतो असे सांगणारा बहुधा ओळखीचाच असतो. त्याला चार प्रश्न विचारा : कामाचा पत्ता कोणता? मजुरी कोणाच्या हाती मिळेल? आधार कार्ड कोणाजवळ राहील? मन न लागल्यास परत येता येईल का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर टाळले गेले, तर शिक्षकांना सांगा. मुलांसाठी १०९८ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. आपल्या आजोबा-पणजोबांना हा प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. तुम्हांस ती आहे.