दंड भरला म्हणजे धडा मिळाला असं नाही

पार्ल्यात आमच्या वयाच्या बऱ्याच जणांची मुलं अमेरिकेत आहेत. तिकडून बढतीच्या, नव्या घराच्या, ग्रीन कार्डाच्या रांगेच्या बातम्या येतात आणि आपण त्या कट्ट्यावर आनंदाने सांगतो. माझ्या मुलाची एक बातमी मात्र मी बरेच दिवस कुणाला सांगितली नव्हती. कॅलिफोर्नियात पार्टीहून परतताना पोलिसांनी त्याची गाडी थांबवली, चाचणीत दारू सापडली आणि पुढे न्यायालयाने त्याला दोषी ठरवलं. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. आज त्याच्याच संमतीने हे लिहिते आहे, कारण असा प्रसंग कुठल्याही घरावर येऊ शकतो.

आधी परिणामांबद्दल. दंड, परवान्याचं निलंबन आणि वाढलेला विम्याचा हप्ता यांची कल्पना होती. व्हिसाची नव्हती. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक झाली की निकालाआधीच व्हिसा रद्द होऊ शकतो. माणूस तिथे राहून नोकरी करू शकतो, पण देशाबाहेर पडला तर परतायला नवा व्हिसा लागतो आणि त्याआधी अमेरिकी वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडून तपासणी. सासूबाई शेवटच्या आजारात नातवाची वाट पाहत राहिल्या. त्याला येता आलं नाही.

याखेरीज न्यायालयाने त्याला वर्गात बसायला लावलं. कॅलिफोर्नियात पहिल्या गुन्ह्याला साधारण तीन महिन्यांचा, ३० तासांचा अभ्यासक्रम असतो. रक्तातलं प्रमाण फार जास्त असेल तर नऊ महिन्यांचा. शिकवणी, गटचर्चा आणि समुपदेशकाशी समोरासमोर बोलणं असं त्याचं स्वरूप. फी स्वतः भरायची आणि दांड्या मारायच्या नाहीत. पूर्ण केल्याचा दाखला मिळेपर्यंत परवाना पूर्ववत होत नाही. सुरुवातीला तो मान खाली घालून जायचा. पुढे फोनवर तो त्या वर्गाबद्दलच बोलू लागला.

एका रविवारी व्हिडिओ कॉलवर तो म्हणाला, "आई, खोकल्याच्या औषधाचं १० मिलीचं टोपण आण. बाबा, तुम्ही तुमच्या ग्लासात नेहमीचा एक छोटा ओता, पण पाण्याचा." ह्यांनी ओतलं. मी टोपणाने मोजलं तर नऊ टोपणं भरली. ९० मिली! हेच माप हे इतकी वर्षं 'एक छोटा' म्हणून घेत होते. ह्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही.

मग त्याने हिशेब सांगितला. एका छोट्यात, म्हणजे ३० मिली व्हिस्कीत, सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल असतं. रिकाम्या पोटी घेतलं तर ७० किलो वजनाच्या पुरुषाच्या १०० मिली रक्तात त्याने वीसेक मिलिग्रॅम चढतं, म्हणजे ६० च्या एका लार्जने चाळीसच्या आसपास. तेवढ्याच मापाने बाईला सहसा जास्त चढते. उतरण्याचा वेग तासाला साधारण १५ मिलिग्रॅम. लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्याची अंघोळ यांनी तो वाढत नाही. अख्खी क्वार्टर पूर्ण उतरायला आठ-नऊ तास लागू शकतात, म्हणून रात्रीची सकाळीही अंगात असते.

आता आपल्याकडचं पाहा. कॅलिफोर्नियात मर्यादा ८० मिलिग्रॅम आहे, आपल्याकडे ३०. म्हणजे जुहूहून जेवून येताना किंवा द्रुतगती महामार्गावर नाकाबंदी लागली तर एक लार्जसुद्धा अडकवू शकतो. हे प्रकरण जागेवर पावती फाडून मिटत नाही, दंडाधिकाऱ्यांसमोर उभं राहावं लागतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास १५,००० रुपये दंड, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

मात्र दारू शरीरात काय करते हे शिकवणारा सक्तीचा वर्ग आपल्या कायद्यात नाही. परवाना निलंबित झाला तर तो परत मिळण्याआधी उजळणी प्रशिक्षणाची अट २०१९ च्या दुरुस्तीने आली, पण ती चालकाची उजळणी. न्यायालयं आपल्या परीने वाट काढतात. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका तरुणाला जामीन देताना शनिवार-रविवारी वरळी नाक्यावर दारू पिऊन गाडी चालवू नका असा फलक धरून उभं राहायला सांगितलं. मे २०२४ मध्ये पुण्यात गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेल्यावर अल्पवयीन आरोपीला ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, तेव्हा लोक संतापले. तो संताप रास्तच होता. जीव गेल्यावर शिकवणी हा शिक्षेला पर्याय होऊच शकत नाही. तिची जागा त्याच्या कितीतरी आधी, पहिल्यांदा सापडलेल्या माणसासमोर आहे, आणि तीही दंडाच्या जोडीला. माझ्या मुलाला दंडाने लाज वाटली, पण अक्कल वर्गाने आली.

तो वर्ग इथे सरकारने सुरू करावा असं मला मनापासून वाटतं. तोवर घरीच सुरू करा. घरात घेणारं कुणी असेल तर ओतण्याचं माप एकदा मोजून दाखवा. घेणार असाल तर गाडी घरी ठेवून निघा, तिथे जाऊन ठरवू म्हणू नका. मुलगा परदेशी जात असेल तर बॅगेत लोणचं भरताना व्हिसाची ही गोष्टही सांगा. मुलगा सापडलाच तर "ओळख काढून मिटवू" म्हणणाऱ्यांना दूर ठेवा, वकील द्या आणि जे भोगायचं ते त्याला भोगू द्या.

आणि गोष्ट एखाद-दुसऱ्या पार्टीपुरती नसेल, रोजची झाली असेल, तर तिला सवय म्हणून झाकू नका. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये उभं केलेलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. आपल्या पार्ल्यात वाढलेले पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई त्याच्या पाठीशी उभे राहिले होते. अशा ठिकाणी जाण्यात घराण्याची अब्रू जात नाही. न्यायाधीशाने पाठवण्याआधी आपण पाठवलं, तर त्या माणसाचा आणि रस्त्यावरच्या एखाद्या अनोळखी माणसाचाही जीव वाचेल.