भीती वाटली, पण पुढे कोण गेले?



मागच्या पाठात आपण वाक्यातला कर्ता ओळखायला शिकलो. या वेळी तोच अभ्यास एका व्हिडिओ गेमच्या मदतीने पक्का करू. (पालकांनी कृपया रागावू नये!)

गेमचे नाव ‘लुईजीज मॅन्शन’, म्हणजे लुईजीचा वाडा. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने तो २००१ साली ‘गेमक्यूब’ या यंत्रासाठी काढला. पुढे २०१३ आणि २०१९ साली त्याचे आणखी दोन भाग आले.

गोष्ट अशी आहे. लुईजीला एका स्पर्धेत मोठा वाडा बक्षीस मिळतो. गंमत म्हणजे त्याने स्पर्धेत भागच घेतलेला नसतो! त्याचा भाऊ मारिओ आधी तिथे जातो आणि नाहीसा होतो. त्याला शोधायला लुईजी रात्री आत शिरतो. हातात विजेरी, पाठीवर व्हॅक्यूम क्लीनर. भुतावर अचानक उजेड पाडला की ते थबकते आणि त्याचे हृदय दिसू लागते. तेवढ्यात त्याला यंत्रात ओढून घ्यायचे.

खेळताना अंगावर काटा येतो, तरी खेळ सोडवत नाही. असे का? आम्हाला तीन कारणे दिसतात.

पहिले कारण म्हणजे उजेड. खोलीतली सगळी भुते पकडली की दिवे लागतात. एकेक खोली आपली होत जाते.

दुसरे कारण, ही भुते घरातली माणसे वाटतात. अभ्यासिकेत बाबा पुस्तक वाचतात, आई आरशासमोर केस विंचरते, बाळ पाळण्याच्या खोलीत असते. वाचणाऱ्या बाबांना पकडायचे तर ते जांभई देईपर्यंत वाट पाहावी लागते. जांभई देणाऱ्या भुताला किती घाबरणार?

तिसरे कारण खुद्द लुईजी. अंधारात तो थरथरत गेमचेच संगीत गुणगुणतो आणि दिवे लागलेल्या खोलीत शीळ घालतो. एक बटण दाबले की तो ‘मारिओ!’ अशी हाक मारतो. त्या हाकेने भूत पळत नाही की कुलूप उघडत नाही. तरी ते बटण पुन्हा पुन्हा दाबावेसे वाटते. अंधारात आपल्या माणसाचे नाव घेतले की बरे वाटते, एवढाच त्याचा उपयोग.

आता व्याकरण. ही वाक्ये पाहा :

१. लुईजीला भीती वाटली.
२. लुईजीला आनंद वाटला.
३. लुईजी पुढे गेला.

पहिल्या दोन वाक्यांत लुईजी तोच आहे, तरी क्रियापद बदलले. का? कारण ‘वाटणारी’ कोण, तर भीती. ‘वाटणारा’ कोण, तर आनंद. म्हणजे तिथे कर्ता लुईजी नाहीच! तिसऱ्या वाक्यात मात्र ‘जाणारा’ लुईजी आहे. तिथे तो कर्ता झाला.

या गेमची सगळी गोडी या पहिल्या आणि तिसऱ्या वाक्यात आहे. भीती वाटणे आपल्या हातात नसते, ती आपली आपण येते. पुढचे पाऊल मात्र आपले असते.

तुमच्यापैकी काही जण आम्हाला म्हणतात, ‘आजीशी फोनवर मराठी बोलायची भीती वाटते. चुकलो तर?’ वाटू दे. लुईजीसारखे थोडे अडखळत, थोडे गुणगुणत बोला. शिवाय तुमच्या हाकेला फोनवरून ‘ओ’ मिळेल. लुईजीच्या हाकेला तेवढेही मिळत नाही.

स्वाध्याय

१. कर्ता ओळखा : (अ) मला राग आला. (आ) ताईला गोष्ट आवडली. (इ) बाळ दचकले.
२. अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा : अंगावर काटा येणे, पाचावर धारण बसणे, जिवात जीव येणे.
३. आजी-आजोबांना एक भुताची गोष्ट मराठीत विचारा. पुढच्या शनिवारी ती वर्गात सांगा. चुकली तरी चालेल.