करमाडला शिबिर घेशील तेव्हा

अगं, राष्ट्रीय सेवा योजना तुझ्या गळ्यात पडली म्हणून तू किती वैतागलीयस ते फोनवरच कळलं. वर एम.ए.च्या मुलांचं ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण, तेही तुझ्याकडेच. पण मला विचारशील तर बरं झालं. नेट, पीएचडी सगळं झालं तुझं, तरी वर्गात दिलेली उदाहरणं पुस्तकातली वाटतात म्हणून कुरकुरत असतेस ना? मग घे हे शिबिराचे सात दिवस.

फक्त मुलांवर लक्ष ठेवायला जाऊ नकोस. स्वतःचा एक प्रश्न घेऊन जा. आपले बहुतेक प्राध्यापक शिबिरात काय करतात ते तू पाहिलंयस. उद्घाटनाला हारतुरे, हातात खराटा धरून फोटो, दुपारी शहरात परत, मग थेट समारोपाला. मुलांना सगळं दिसतं गं. आणि गाव झाडून देणं हा दरवर्षीचा कार्यक्रम मला तरी पटत नाही. गावाला काय झाडता येत नाही?

करमाड तर तुझ्या अर्थशास्त्राचंच गाव. जालना रोडवर, शेंद्रा एमआयडीसीच्या शेजारी. २०१९ मध्ये लोकार्पण झालेल्या ऑरिक या औद्योगिक शहरासाठी या पट्ट्यातल्या जमिनी गेल्या. एका भावाची कपाशी, दुसरा कंपनीत कंत्राटी, अशी घरं तुला तिथे सहज भेटतील. मोबदल्याच्या पैशाचं काय झालं, हे पहिल्याच दिवशी विचारायला तुझी जीभ वळवळेल. विचारू नकोस. हातात फॉर्म घेऊन शहरातलं कुणी ओसरीवर आलं की पुन्हा मोजणी आली, अशी शंका लोकांना येणारच. शिवाय त्या पैशामागे घरातलं काय काय असतं! बहिणींनी हक्कसोडपत्रावर सही केली का, भावांचं बोलणं आहे का, हे काय अनोळखी पोरांना सांगायचं?

त्यापेक्षा पाण्यापासून सुरुवात कर. भूजल सर्वेक्षण यंत्रणा वर्षातून चारदा, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत, निरीक्षण विहिरींची पातळी मोजते. शिबिर जानेवारीत असेल तर तुमच्या मुलांनीही मालकाला विचारून दहाबारा विहिरींत दोर सोडावा. दोर धरायला तू. विहिरीच्या कठड्याशी उभं राहिलं की माणूस आपणहून बोलतो: बोअर कधी घेतला, मोसंबी कधी तोडली, पोरगा कंपनीत का गेला. तुझा प्रश्न तिथे न विचारता निघतो. आणि आकडे कॉलेजच्या कपाटात नेऊ नकोस. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत दहा मिनिटं मागून घे, मुलांना वाचू दे. गावकरी चुका काढतील, त्या तिथेच दुरुस्त करा.

आधी मात्र दोनतीन चकरा मारून ये. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, मुख्याध्यापक यांना तर भेटशीलच, पण अंगणवाडीताईला विसरू नकोस, कुठल्या घरी कधी जावं ते तिलाच ठाऊक. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलींची सोय करणार असशील तर संडासला कडी आहे का, रात्री दिवा लागतो का, हे स्वतः बघ. आणि रात्री तिथेच राहा. मुलींच्या आया तुझ्या भरवशावर पाठवतात.

ओजेटीचं थोडं वेगळं. चार श्रेयांक म्हणजे १२० तास, आणि तेवढे तास पोरांना झेरॉक्स काढायला बसवलं जाण्याची भीती असतेच. म्हणून मुलं काय शिकणार ते कंपनीकडून आधी लिहून घे, आणि एखादा दिवस तूही त्यांच्यासोबत पूर्ण पाळी काढ. नुसती भेटीची सही करून येऊ नकोस. आणि हट्ट कारखान्याचाच कशाला? बाजार समिती, पतसंस्था, बचत गटाचं हिशेबाचं काम, अर्थशास्त्राच्या मुलांना यात जास्त मिळतं असं माझं मत.

रात्री मुलं डायरी लिहितील तेव्हा तूही लिही, आणि वाचायला पहिली तू ऊठ. मॅडमना सुद्धा आज काहीतरी कळलं नाही हे ऐकलं की बाकीच्यांची लेखणी मोकळी होते.

हां, पावत्या रोजच्या रोज वहीत चिकटव. अनुदान यायला वेळ लागतो, तोवर किराणा उधारीवरच चालतो. हिशेब अडला तर रविवारी वही घेऊन ये इकडे, बसू दोघी.