लाकडाच्या उंच इमारती : एक अभ्यास

शहरात येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला निवारा हवा असतो आणि तो आज मुख्यतः सिमेंट व पोलाद यांतून उभा राहतो. सिमेंट तयार करताना चुनखडी व मातीचे मिश्रण सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते. या भट्टीच्या इंधनातून कार्बन डायऑक्साइड निघतोच; शिवाय चुनखडीच्या विघटनातूनही तो बाहेर पडतो. त्यामुळे इंधन बदलले तरी हा दुसरा वाटा उरतोच. जगातील कार्बन डायऑक्साइडच्या एकूण उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे सात ते आठ टक्के आहे. घरे तर बांधलीच पाहिजेत. मग ती कशाची बांधावीत, हा प्रश्न म्हणूनच आपल्यापुढे आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर लाकूड हे आहे. वाढणारे झाड हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेते. कोरड्या लाकडाच्या वजनापैकी जवळजवळ निम्मा भाग कार्बनचा असतो आणि लाकूड कुजेपर्यंत किंवा जळेपर्यंत तो त्यातच राहतो. मात्र साध्या फळीचे बळ तिच्या तंतूंच्या दिशेनेच असते. म्हणून फळ्यांचे थर एकमेकांशी काटकोनात रचून चिकटवतात आणि जाड, मजबूत पट्ट तयार करतात. यास क्रॉस-लॅमिनेटेड टिंबर म्हणतात. १९९० च्या दशकात ऑस्ट्रिया व जर्मनी येथे हे तंत्र विकसित झाले.

निवासी शाळेच्या वाचकांना कॅनडातील एका वसतिगृहाचे उदाहरण जवळचे वाटेल. व्हँकुव्हर येथील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे ‘ब्रॉक कॉमन्स टॉलवूड हाउस’ २०१७ साली खुले झाले. १८ मजले, सुमारे ५३ मीटर उंची आणि ४०४ विद्यार्थ्यांची सोय असे त्याचे स्वरूप आहे. तळमजला आणि जिने व लिफ्टचे दोन गाभे काँक्रीटचे आहेत; वरच्या १७ मजल्यांचा सांगाडा मात्र लाकडाचा आहे. कारखान्यात तयार केलेले भाग आणून तो ७० दिवसांच्या आत उभारला गेला. या लाकडात सुमारे १,७५३ टन कार्बन डायऑक्साइडइतका कार्बन साठला असल्याचा अंदाज आहे.

लाकूड म्हटले की आगीची शंका येणारच, आणि ती रास्त आहे. जाड लाकूड पेटले की त्याच्या पृष्ठभागावर कोळशाचा थर तयार होतो. हा थर आतील भागाचे काही काळ रक्षण करतो. अभियंते या जळणाऱ्या थराचा हिशेब करूनच जाडी ठरवतात. तरीही वरील वसतिगृहात लाकूड जिप्समच्या थरांनी झाकले आहे आणि पाण्याचे स्वयंचलित फवारेही बसवले आहेत. माणसांच्या जिवापुढे काटकसर नको, हाच त्याचा अर्थ.

दुसरी शंका अधिक खोल आहे. एका जागी जंगल तोडायचे आणि तिथे पुन्हा काही उगवू द्यायचे नाही, तर लाकडाच्या घराचा लाभ कागदावरच राहील. तोडलेल्या झाडांच्या जागी नवी झाडे वाढली आणि इमारत दीर्घकाळ टिकली, तरच हिशेब जुळतो. शिवाय इमारत पाडल्यावर तिचे लाकूड जाळले गेले, तर साठवलेला कार्बन पुन्हा हवेत जातो.

दीर्घकाळ टिकण्याची साक्ष इतिहास देतो. कार्ले येथील चैत्यगृहाच्या छताला सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी आजही आहेत. चीनमधील यिंगश्यान येथे १०५६ साली बांधलेला, सुमारे ६७ मीटर उंचीचा लाकडी पॅगोडाही उभा आहे. लाकूड कोरडे ठेवले आणि त्याची निगा राखली, तर ते पिढ्यान्‌पिढ्या साथ देते.

तेव्हा लाकूड हे नाव ऐकताच इमारतीला पर्यावरणपूरक म्हणू नये, आणि भीतीने नाकारूही नये. लाकूड कोणत्या जंगलातून आले, त्या जागी काय लावले, इमारत किती काळ टिकेल, तिच्यात राहणारे सुरक्षित आहेत काय, एवढे प्रश्न विचारावेत. बांधकामाच्या क्षेत्रात गेलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनी हे प्रश्न नकाशा काढतानाच विचारावेत, अशी आमची अपेक्षा आहे. घर एका पिढीचे असते. हवा मात्र पुढच्या सर्व पिढ्यांची असते.